आईनं न बघितलेला फोटो

माझी आई, अनिता डोईफोडे, गेली चौदा वर्षं चाकणच्या एका कंपनीत रबर बघते. गाडीच्या दाराला आतून जी काळी रबरी पट्टी असते ना, ती. कुठं चीर आहे का, कुठं फुगा आलाय का ते बघायचं, चांगली पट्टी हिरव्या क्रेटमध्ये ठेवायची आणि खराब निघाली ती लाल क्रेटमध्ये. एका शिफ्टमध्ये ती हजारभर पट्ट्या बघते आणि मग घरी येऊन आमच्याकडं बघते. बघायची पद्धत तीच असते.

कंपनीत एखादा पीस खराब निघाला की तो नुसता फेकून देत नाहीत. आधी लाइन थांबवतात, म्हणजे खराब माल पुढं जायचा थांबतो. मग मागं मागं जायचं. हा पीस कुठल्या लॉटमधला, कुठल्या मशीनवरचा, किती वाजता निघाला. आणि दर टप्प्यावर विचारायचं, कशामुळं? पाच वेळा विचारल्याशिवाय खरं कारण हाती लागत नाही, असं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. बाकीच्या बायका ते ट्रेनिंग कंपनीच्या गेटवरच सोडून आल्या. आई घरी घेऊन आली.

आठवीत मला गणितात एकोणीस मार्क पडले. दुसऱ्या कुठल्याही आईनं एक ठेवून दिली असती आणि विषय मिटला असता. माझ्या आईनं स्टूल ओढलं. एकोणीस कशामुळं? अभ्यास झाला नाही. कशामुळं झाला नाही? वर्गात डुलक्या येतात. डुलक्या कशामुळं? झोप पुरी होत नाही. कशामुळं? पंखा कुरकुरतो. पंखा कशामुळं कुरकुरतो? मला काय माहीत. मग बाबांना दुपारच्या पाळीला निघता निघता त्याच स्टुलावर चढवलं गेलं, पंख्याचा नट आवळला गेला, आणि पुढच्या चाचणीत मला एकवीस मार्क पडले. आईचं म्हणणं, कारण बरोबर सापडलं होतं, मालच जरा हलका होता.

ही सवय आणि सुबक अक्षर, या दोन गोष्टींमुळं आमच्या मोशीच्या सोसायटीत कुठलाही अर्ज लिहायचा झाला की लोक आईकडं येतात. टँकर आला नाही, लिफ्ट बंद पडली, शेजारच्या बांधकामाची धूळ येते. आईचा अर्ज वाचून समोरचा माणूस आधी घाबरतो, कारण त्यात सगळ्या तारखा आणि वेळा असतात. म्हणूनच ऑगस्टमधल्या त्या रविवारी बाळाजीकाका आमच्या दारात आले.

बाळाजी कुदळे मूळचे मोशीचेच. जमीन बरीचशी इमारतींखाली गेली. दोन म्हशी उरल्या. सकाळी आमच्या इमारतीत दूध घालायचं आणि नंतर एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची ड्युटी करायची, असा त्यांचा दिवस. त्यांची मुलगी तेजस्विनी माझ्याच वर्गात आहे, दहावी अ, आणि तेव्हा आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. कबड्डीच्या संघात पुढं जाऊन गडी बाद करून येणारी तीच. ती हसली की खालच्या मजल्यावरच्या सातवीच्या वर्गाचं लक्ष उडतं. म्हणजे तेव्हा उडायचं.

कारण त्या महिन्यात तेजूचा एक फोटो शाळाभर फिरला. फोटोत काय होतं ते मी सांगणार नाही. तो तिचा होता आणि तिनं एका मुलावर विश्वास ठेवून त्याला एकट्याला पाठवला होता, एवढं तुम्हाला पुरे. ज्यांना याहून जास्त हवं असेल त्यांनी वाचणं इथंच थांबवावं.

तो मुलगा म्हणजे दहावी ब मधला गणराज. फोटो मिळाल्यावर त्याला आणखी हवे झाले. तेजूनं नाही म्हटलं. त्यानं धमकी दिली. तिनं तरी नाहीच म्हटलं आणि बोलणं बंद केलं, म्हणून त्यानं तो मुलांच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत शाळेतला रंग बदलला. तेजू जिन्यावरून जायला लागली की मुलं भिंतीला टेकून हळू आवाजात 'कबड्डी कबड्डी' म्हणायची. कुणी मुद्दाम वाटेत उभं राहायचं, म्हणजे तिला अंग चोरून जावं लागेल. ती चार जणांना आडवी करून परत येणारी मुलगी, पण त्या जिन्यावर तिला काही करता आलं नाही. मला हे आठवलं की अजून राग येतो, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे. ते येईलच पुढं.

शाळेनं काय केलं? मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवलं. व्याख्यानाला सगळ्या मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि मुलांना फुटबॉल खेळायला सोडलं. आम्ही दीड तास आपली मर्यादा आपण कशी पाळावी ते ऐकत होतो आणि खिडकीतून गोल झाल्याचा ओरडा येत होता. गोल गणराजनं केला होता. मग मुख्याध्यापिका विजयश्री मॅडमनी तेजूला बोलावून सांगितलं, की चार दिवस घरी राहा, वातावरण निवळू दे. चार दिवसांचे पंधरा झाले.

तर बाळाजीकाका दारात उभे होते, दुधाची किटली हातात तशीच. आत या म्हटलं तर आत आले नाहीत. म्हणाले, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज लिहून द्या. राजगुरुनगरच्या पुढं तेजूची आत्या असते, तिथं तिला ठेवायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्यायला लावायची. आणि नाहीच जमलं परीक्षेचं, तरी चालेल असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आईनं पेन काढलं, पण कागद काढला नाही.

"दाखला कशामुळं, दादा?"

"लोकं बोलत्यात, ताई."

"कशामुळं बोलायलेत?"

"तुमाला ठावं न्हाई व्हय? फोटू गेला समद्यांकडं."

"समद्यांकडं कशामुळं गेला?"

"तिनंच धाडला की."

"तिनं एकाला धाडला," आई म्हणाली. "बाकीच्यांना कुणी धाडला?"

काकांना ते माहीत नव्हतं. शाळेलाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत कुणी विचारलंही नव्हतं, कारण सगळ्यांना पहिलंच उत्तर आवडलं होतं. आई म्हणाली, अर्धवट तपासणीवर मी अर्ज लिहीत नाही. आठ दिवस द्या. तपासणी पूर्ण झाली आणि तुम्हाला तरी दाखला काढायचा असेल, तर पुढच्या रविवारी माझ्या हातानं लिहून देते. काकांनी बराच वेळ किटलीच्या झाकणाशी चाळा केला. मग म्हणाले, येत्या रविवारपातूर. त्याच्या म्होरं न्हाई.

म्हणजे तेजूची शाळा आठ दिवसांवर येऊन ठेपली होती.

त्याच दुपारी आई तिच्या घरी गेली आणि मलाही बरोबर नेलं. तेजू आतल्या खोलीत होती. आईनं तिला एवढंच विचारलं, की मी हे शोधायला लागू का, तुझी हरकत असेल तर नाही करणार. आतूनच तेजूनं विचारलं, "काकू, तुम्हाला फोटो दाखवावा लागेल?"

"नाही," आई म्हणाली. "मला त्याचं काय काम?"

मग ती बाहेर आली. माझ्याकडं बघून थोडं हसलीही. मी म्हशींना बघते असं सांगून गोठ्याकडं गेले.

आता माझं सांगून टाकते. मागाहून कळलं तर तुम्ही म्हणाल, पोरीनं लपवलं. तो फोटो मीही पुढं पाठवला होता. दहावी ब मधल्या चिमाजीला मी विज्ञानाच्या वह्या देते. त्यानं तो मला पाठवला, 'तुझी मैत्रीण बघ' असं लिहून. मी बघितला. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी तो आमच्या वर्गातल्या मैत्री नावाच्या मुलीला पाठवला, खाली दोन रडणारे चेहरे टाकले आणि लिहिलं, 'बिचारी गं'. वाईट वाटलं तर माणसाला फोन करून विचारायचं असतं, त्याचा फोटो वाटायचा नसतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मैत्रीनं तो तिच्या मामेबहिणीला दिला. मामेबहिणीनं ट्यूशनच्या ग्रुपवर टाकला. तोवर तो दहा-बारा मुलांत होता. तिथून तो मोकळा सुटला. मी स्वतःची समजूत घातली होती, की मी तर एकाच व्यक्तीला पाठवला. पुढं कळलं, की जवळजवळ सगळ्यांनी एकेकालाच पाठवला होता.

सोमवारी आईची शिफ्ट साडेतीनला सुटली आणि ती कंपनीच्या बसमधून घरी न येता तेजूला आणि तिच्या आईला घेऊन थेट पोलीस चौकीत गेली. बाळाजीकाकांना पोलीस नको होते. आईनं त्यांना समजावलं, की आपल्याला काय करायची परवानगी आहे ते आधी विचारून घेऊ. तिथल्या एका पोलीस ताईंनी नीट सांगितलं. तेजूच्या फोनमधलं गणराजचं सगळं बोलणं, धमकीसकट, जसंच्या तसं जपून ठेवायचं. बाकी ज्यांच्याकडं फोटो आहे त्यांनी तो काढून टाकायचा, कारण नुसता ठेवणंही गुन्हा आहे आणि पुढं पाठवणं तर आहेच. त्यांनी तक्रारही लिहून घेतली. आई घरी आली ती खुशीत. माल पुढं जायचा थांबवायला परवानगी मिळाली होती.

त्या संध्याकाळपासून मोशीतल्या लोकांनी आमच्या आईची जी धास्ती घेतली, ती बघण्यासारखी होती. तिनं कंपनीसारखी चेकशीट आखली. नाव, कुणाकडून आला, किती वाजता आला, कुणाला पाठवला, काढून टाकला का, सही. एक पॅड, एक पेन, आणि पायांत कंपनीचे सेफ्टी शूज, कारण ते काढायला वेळ नसायचा. ट्यूशनच्या ग्रुपपासून सुरुवात करून ती रोज संध्याकाळी सात-आठ घरं घ्यायची. दार उघडलं की मुलाला बाहेर बोलवायची आणि म्हणायची, मी रागवायला आले नाही, रागवायला तुझी आई आहे. मला तीन गोष्टी विचारायच्यात.

कुणी फोन तिच्यापुढं धरला की ती मान फिरवायची. माझ्याकडं नको करू, तूच बघ, तूच काढ. आणि मूल फोटो काढून टाकत असताना ती फोनकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघायची. हजार पट्ट्या बघणारी नजर. दोन पोरं त्या नजरेनंच रडली असं ऐकलं.

सगळेच काही सरळ सांगत नव्हते. एका घरी बापानं दारातच सांगितलं, की आमचा मुलगा त्यातला नाही. बरं म्हणून आई आत जाऊन सोफ्यावर बसली. चहा झाला. दुसरा चहा झाला. आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली आणि मध्येच त्यांच्या खिडकीच्या रबराला कशी चीर गेली आहे ते सांगायला लागली. तिसऱ्या चहाच्या आधी मुलगा स्वतःहून फोन घेऊन बाहेर आला. त्या माणसानं मग खिडकीचं रबरही बदललं.

घरी आली की आई जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं नावं लिहायची आणि रेघा जोडायची. खालून वर. मंगळवारी ट्यूशनचा ग्रुप पूर्ण झाला. बुधवारी मामेबहीण आली. आणि मामेबहिणीच्या वर एक रेघ काढून आईनं लिहिलं, 'मैत्री'. मी पोळ्या करत होते. माझी पोळी करपली. आईनं कशामुळं करपली ते त्या दिवशी विचारलं नाही, एवढी ती कामात होती.

मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते पण सांगते. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मैत्रीला गाठलं आणि म्हटलं, चिमाजीनं थेट तुलाच पाठवला असं सांग. मैत्री चांगली आहे, ती हो म्हणाली. मग चिमाजीला गाठलं आणि म्हटलं, मैत्रीला पाठवला असं सांग. त्याला माझ्या वह्या हव्या असतात, तोही हो म्हणाला. दोघांनी आपापल्या फोनमधलं माझ्याशी झालेलं बोलणं काढून टाकलं. मी मधून अलगद निसटले होते. गुरुवारी आई मैत्रीच्या घरून आली. चेकशीटवर लिहिलेलं होतं, मैत्री, चिमाजीकडून, संध्याकाळी सहा चाळीस. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

शुक्रवारी आई चिमाजीकडं आणि मुलांच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या घरी जाऊन आली आणि शूज न काढताच कॅलेंडरपुढं उभी राहिली. मी कांदा चिरत होते. ती स्वतःशीच बोलत होती, पण ती स्वतःशी बोलते तेही सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

"चिमाजीनं पाठवला सहा वाजून पाच मिनिटांनी. मैत्रीकडं पोचला सहा चाळीसला." ती थांबली. "पस्तीस मिनिटं कुठं होता?"

वेळेचं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोण विचारतं वेळ? कुणाकडून आला, कुणाला दिला, एवढं विचारतील म्हणून आम्ही तेवढंच पाठ केलं होतं. दोघांनीही बोलणं काढून टाकताना बघितलेली वेळ आपली खरीच सांगितली, घाबरून. खोटं बोलायचं तर मिनिटांचंही बोलावं लागतं, हे चाकणमध्ये चौदा वर्षं काढलेल्या बाईच्या मुलीला तरी कळायला हवं होतं.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. पॅड उचललं, पेन उचललं, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, ती परत मैत्रीकडं निघाली. मी श्वास सोडला. तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं तर आईच. पॅड छातीशी धरून, परक्या घरी उभी राहावी तशी उभी.

"वर्षाली आहे का घरी?" तिनं विचारलं.

मला हसू आलं, खरंच आलं. मी म्हटलं, मीच. तिनं मान हलवली. म्हणाली, मी रागवायला आले नाही. मला तीन गोष्टी विचारायच्यात. मग तिनं त्या विचारल्या, इतरांना विचारल्या तशाच, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी तिथंच उंबऱ्यावर उभी राहून सांगितलं. चिमाजीकडून. सहा वाजून पाच मिनिटांनी. मैत्रीला, सहा चाळीसला. फोटो मी काढून टाकला होता, पण तिनं फोन उघडून पुन्हा तपासायला लावला आणि मी तपासत असताना माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ती नजर माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. शेवटी तिनं पॅड पुढं केलं आणि मी सही केली.

मग तिनं पेनाचं टोपण लावलं, शूज काढले आणि आत आली. आता घरात माझी आई होती. मला वाटलं, ती बोलेल ते बोलेल, एखादी ठेवून देईल. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मंगळवारी तेजू मला विचारत होती, वर्षाली परत का आली नाही म्हणून."

मी रडले. बराच वेळ रडले. मग रडणं संपल्यावर मी तेच केलं जे सगळ्यांची मुलं करत असणार, गयावया. आईनं विजयश्री मॅडमच्या मागं लागून शनिवारी शाळेत मीटिंग ठेवायला लावली होती. छत्तीस मुलांच्या आईबापांना बोलावलं होतं आणि आई तिथं रिपोर्ट वाचणार होती. मी म्हटलं, माझं नाव नको वाचू. चिमाजीकडून मैत्रीकडं रेघ सरळ काढली तरी कुणाला काय कळणार आहे? तेजूला कळलं तर ती आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही.

"नाही बोलणार," आई म्हणाली. तिनं आकडा खोडून सदतीस केला.

शनिवारच्या मीटिंगला त्याच हॉलमध्ये पालक बसले होते जिथं आम्ही मर्यादा शिकलो होतो. मला आईनं मागच्या रांगेत बसवलं. तेजू आली नव्हती. बाळाजीकाका कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते. गणराजचे वडील पुढं होते आणि मोठ्यानं फोनवर बोलत होते.

विजयश्री मॅडम म्हणाल्या, की प्रकरण नाजूक आहे, आणि तक्रारीचं स्वरूप समजायचं तर तो फोटो नेमका कसा आहे ते आधी समितीला बघावं लागेल. आईनं विचारलं, कशामुळं? मॅडम गोंधळल्या. त्यांनी आईलाच विचारलं, म्हणजे तुम्ही काय म्हणाल, किती आक्षेपार्ह आहे? आई म्हणाली, मला माहीत नाही, मी बघितला नाही.

"एवढी घरं फिरलात आणि बघितला नाही?"

"बघायचा कशाला, मॅडम? लेकरानं काय पाठवलं ते मी तपासतच नव्हते. पुढं कुणी वाटला ते तपासायले होते."

हॉलमधले बरेच लोक खाली बघायला लागले. त्यांच्यातल्या किती जणांनी मुलांच्या फोनवर तो 'नुसता बघितला' होता, ते मला माहीत नाही. आईच्या चेकशीटला तो रकाना नव्हता.

मग ती वाचायला लागली. सुरुवात वरून. गणराज, अमुक तारीख, अमुक वेळ, मुलांच्या ग्रुपवर. त्याचे वडील उभे राहून म्हणाले, की मुलं आहेत, मुलीनंच पाठवला नसता तर. आई म्हणाली, तुमच्या मुलाची धमकी पोलिसांकडं लिहून दिलेली आहे, त्याचं उत्तर तुम्ही तिथं द्या, आणि पुढं वाचत राहिली. मग दुसऱ्या नावाचे पालक उठले. तिसऱ्याचे उठले. आमच्या मुलाची बदनामी करायला तुम्ही कोण, कुठल्या अधिकारानं, असा गलका झाला. आई त्या गलक्यात पुढची ओळ वाचत होती, मशीनच्या आवाजात वाचायची तिला सवय आहे.

"चिमाजी, सहा वाजून पाच मिनिटं, वर्षालीला. वर्षाली गोरक्ष डोईफोडे, माझी मुलगी, सहा चाळीस, मैत्रीला. इथून तो मुलींमध्ये आणि ट्यूशनमध्ये गेला. मैत्री, सहा पन्नास..."

गलका कुठं थांबला ते मला कळलंच नाही. उभे असलेले एकेक करून खाली बसले. मी मान खाली घातली होती, पण सगळ्या हॉलची नजर मानेवर जाणवत होती. बाकीची चोवीस नावं शांततेत वाचली गेली.

वाचून झाल्यावर आईनं पॅडखालून कोरे कागद काढले आणि बाळाजीकाकांपुढं जाऊन बसली. म्हणाली, दादा, तपासणी झाली. उद्या रविवार, शब्द दिला होता म्हणून आजच विचारते.

"फोटोमुळं शाळा सोडायची असंल, तर सोडणारी सदतीस लेकरं आहेत. सदतीस अर्ज लिहिते. पहिला वर्षालीचा."

आणि ती लिहायला लागली. खरंच लिहायला लागली. विषय, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. मला माझ्या जागेवरून तिचं अक्षर दिसत नव्हतं पण हात दिसत होता, आणि तो थांबत नव्हता. माझी आई गंमत करत नाही हे या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. मला ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

बाळाजीकाकांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांनी आधी त्या कागदाकडं बघितलं, मग मागं वळून माझ्याकडं. तीन आठवडे त्यांनी एकाच मुलीचं नाव ऐकलं होतं. मग त्यांनी आईच्या हाताखालून तो कागद हळूच ओढून घेतला आणि घडी करून आपल्या खिशात टाकला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "कुणाचंबी नगं. सोमवारी येतीय ती."

पुढचं सगळं सावकाश झालं, जसं होतं तसं. मॅडमनी शाळेच्या बाजूनं पोलिसांना लेखी कळवलं. गणराजची चौकशी बालकांच्या कायद्यानं सुरू झाली, ती अजून चालू आहे. जिन्यावर एक शिक्षक उभे राहायला लागले. ट्यूशनच्या सरांनी ग्रुप बंद केला. यातलं कुठलंच आईनं केलं नाही, पण दर आठवड्याला ती मॅडमना फोन करून विचारते, काय झालं, आणि झालं नसेल तर कशामुळं.

सोमवारी तेजू आली. जिन्यावरून एकटी आली, अंग न चोरता. मी वर्गाच्या दारात उभी होते. सगळी रविवारची रात्र मी एक भाषण पाठ केलं होतं, त्यात माफी हा शब्द सहा वेळा होता. ती समोर आली तेव्हा त्यातला एकही आठवला नाही. मी म्हटलं, तेजू, मी चुकले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं. मला तुझा लई राग आलाय, वर्षा. किती दिवस राहील माहीत नाही. पण तुझ्यामुळं शाळा सोडीन, एवढी मोठी तू नाहीस."

मी म्हटलं, नाही. ती आत गेली आणि माझ्या शेजारची जागा सोडून खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली. मी आमच्या बाकावर एकटी बसले. आज त्याला तीन महिने होतील, मी अजून तिथं एकटीच बसते.

पहिला तास गणिताचा होता. वर्गाच्या मॅडमनी हजेरी घेतली. तीन आठवडे त्या चौदा नंबरवरून थेट सोळावर जायच्या, बोट न थांबवता. त्या दिवशी त्या पंधराव्याशी थांबल्या.

"कुदळे तेजस्विनी बाळाजी."

"हजर," ती म्हणाली, आणि इतकी मोठ्यानं म्हणाली की खाली सातवीच्या वर्गातही ऐकू गेलं असणार. मॅडमनी खूण केली आणि पुढचा नंबर घेतला.